चाळिशी लागलेल्या डोळ्यांना दिसणारं टार्गेट: ओपन साइटवाल्यांसाठी पारख

टार्गेटच्या चळतीसमोर उभा राहिलेला पन्नाशीपुढचा नेमबाज बहुतेक वेळा सगळ्यात भडक कागद उचलतो. केशरी, पोपटी, चकाकणारा. दोन हातांवरून तो झगझगीत दिसतो, आणि रेंजवर ५० मीटरला, माशीच्या (नळीच्या पुढच्या टोकावरच्या नेमखुणेच्या) टोकावर धरला की त्याचाच मळकट डाग होतो. मग रंग बदलून बघायचा, आणखी भडक आणायचा. रंगाचा दोष त्यात थोडा असतो, मापाचा बराच जास्त. बाजारात मिळणारी बहुतेक टार्गेटं एक तर दुर्बिणीवाल्यांसाठी किंवा तरुण डोळ्यांसाठी आखलेली असतात. म्हणून इथे प्रत्येक प्रकाराची पारख एकाच कसोटीवर केली आहे: समोर नजर माशीवर असताना, टार्गेट धुरकट दिसत असताना, त्याचा आकार टिकतो का?

धुरकट का दिसतं ते आधी पाहू, कारण पुढची सगळी मापं त्यातूनच निघतात. उघड्या साइटच्या (ओपन साइट, म्हणजे दुर्बीण नाही, नुसती खाच आणि माशी) रायफलीत मागची खाच डोळ्यापासून साधारण ४० सेंटिमीटरवर, माशी ८० सेंटिमीटरच्या आसपास, आणि टार्गेट तिकडे लांब. विशीतला डोळा या तिघांवर इतक्या झटपट फिरतो की सगळं एकदमच स्पष्ट दिसल्यासारखं वाटतं. साठीच्या डोळ्यात भिंगाची फुगायची ताकद जेमतेम १ डायऑप्टर (चष्म्याचा नंबर मोजायचं एकक) उरलेली असते, आणि ८० सेंटिमीटरवरच्या माशीला १.२५ लागतात. लांबचा चष्मा लावून टार्गेटकडे बघितलं तर माशीच्या कडांना डोळ्याच्या बाहुलीच्या व्यासाएवढा फराटा येतो. बाहुली ३ मिलिमीटरची धरली तर फराटाही ३ मिलिमीटरचा. माशीची रुंदी असते २ मिलिमीटर. म्हणजे माशी उरतच नाही, उरते ती राखाडी सावली. वाचायचा चष्मा लावला तर खाच छान, पण माशी पुन्हा धूसर आणि टार्गेट गायब.

मधला मार्ग चष्म्याच्या दुकानातून जातो. नेमाच्या डोळ्याच्या लांबच्या नंबरात +०.५० किंवा +०.७५ मिळवून एकच नंबर असलेली काच करून घ्यावी. प्रोग्रेसिव्ह चष्मा रायफलीवर त्रासाचा, कारण गाल दस्त्यावर टेकला की आपण काचेच्या वरच्या आतल्या कोपऱ्यातून बघतो आणि मान जराशी हलली तरी नंबर बदलतो. दुकानात जाताना रायफल न्यायची गरज नाही. घरी बंदूक रिकामी आहे याची खात्री करून खांद्याला लावा, दुसऱ्या माणसाला डोळ्यापासून माशीपर्यंतचं अंतर टेपने मोजायला सांगा आणि तो आकडा घेऊन जा. काच पॉलिकार्बोनेटची मागा; नाही तरी डोळ्यांना संरक्षण हवंच असतं.

+०.७५ ची काच लावली तरी टार्गेट धूसरच राहतं. किती धूसर, याचा हिशेब सोपा आहे: बाहुलीचा व्यास मिलिमीटरमध्ये गुणिले फोकस जेवढा चुकला ते डायऑप्टर, गुणिले टार्गेटचं अंतर मीटरमध्ये. ३ × ०.७५ × ५० म्हणजे ११२.५ मिलिमीटर. ५० मीटरवरच्या कागदावरचा प्रत्येक ठिपका तुमच्या डोळ्यात ११२ मिलिमीटरच्या चकतीएवढा पसरतो. आता योगायोग बघा. आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) ५० मीटर रायफल टार्गेटचा बुल, म्हणजे मधला काळा गोल, ११२.४ मिलिमीटरचा आहे. बुल आणि धूसरपणा सारख्याच मापाचे, त्यामुळे मधोमध पूर्ण काळा असा भाग जवळपास शून्य. कडेपासून मध्यापर्यंत नुसता राखाडी उतार. ‘बुल दिसतो, पण पकडता येत नाही’ ही तक्रार म्हणजे हाच उतार.

याच ५० मीटरवर २०० मिलिमीटरचा बुल लावला की त्यातून ११२ वजा जाऊन मध्ये ८८ मिलिमीटरचा ठाम काळा गाभा उरतो. कडा तेवढ्याच मऊ दिसतात, पण गाभ्याभोवती त्या सगळीकडून सारख्या मऊ असतात, आणि सारखेपणाचा मध्य शोधण्यात डोळा पटाईत आहे. दोन रेषा एका ओळीत आहेत की नाहीत हे ओळखण्याची आपली क्षमता अक्षरं वाचण्याच्या क्षमतेपेक्षा कितीतरी बारीक असते, आणि थोड्या धूसरपणात ती फारशी ढासळत नाही. म्हातारपणी तक्ता वाचता आला नाही तरी नेम टिकू शकतो तो याच्या जोरावर. अट एवढीच, की सारखेपणा पारखायला गाभा उरला पाहिजे.

आता खरेदीकडे. नेमबाजीतलं कोनाचं माप एमओए, म्हणजे एका अंशाचा साठावा भाग. १०० मीटरवर ते २९ मिलिमीटर, ५० वर साडेचौदा, २५ वर ७.३. उघड्या साइटला, चाळिशी लागलेल्या डोळ्याला, काळा बुल किमान १० एमओए हवा. १४ ला आराम वाटतो. मिलिमीटरमध्ये सांगायचं तर २५ मीटरला ७३ ते १०२, ५० ला १४५ ते २०४, १०० ला २९० ते ४०७. इंचाच्या मापात विकली जाणारी टार्गेटं घेणार असाल तर २५ मीटरला किमान ३ इंची, ५० ला ६ किंवा ८ इंची, १०० ला १२ इंचाच्या खाली उतरू नका.

मापाची दुसरी बाजू माशीची. २ मिलिमीटरची माशी ८० सेंटिमीटरवर असली की ती ५० मीटरवर १२५ मिलिमीटर झाकते: माशीची रुंदी भागिले डोळ्यापासूनचं अंतर, गुणिले टार्गेटचं अंतर. बुल माशीपेक्षा सव्वा ते पावणेदोन पट रुंद असला की माशीवर ठेवलेल्या चेंडूसारखा बसतो. सव्वापटीच्या खाली तो माशीच्या डोक्याआड लपतो. दुपटीच्या वर गेलात तर बुलचा तळ माशीच्या मानाने सपाट दिसायला लागतो, माशी डावी-उजवीकडे थोडी सरकली तरी कळत नाही आणि ग्रुप (लागलेल्या गोळ्यांचा पुंजका) आडवा पसरतो. त्यामुळे ‘जितका मोठा तितका बरा’ हेही खरं नाही.

छापील स्पर्धा-टार्गेट, पण दुसऱ्या खेळाचं

माझ्या मते सगळ्यात चांगली आणि सगळ्यात कमी लोकांना सुचणारी निवड. आयएसएसएफच्या २५ आणि ५० मीटर प्रिसिजन पिस्तूल टार्गेटचा काळा भाग २०० मिलिमीटर आणि १० चं वर्तुळ ५० मिलिमीटरचं असतं. हे रायफलीसाठी ५० मीटरला लावलं की पावणेचौदा एमओए, अगदी हवं तेवढंच. १०० मीटरला मात्र ते सात एमओएच्या आत येतं, तिथे पुरत नाही. २५ मीटरला ११२.४ मिलिमीटरचं रायफल टार्गेट लावा. ५० मीटरवर जे दिसत नव्हतं तेच इथे साडेपंधरा एमओए होऊन ठसठशीत दिसतं. १० मीटरच्या एअर रायफलीचं अधिकृत टार्गेट ३०.५ मिलिमीटर काळ्याचं, म्हणजे साडेदहा एमओए. पीप साइटसाठी (मागे खाचेऐवजी बारीक भोक) ते ठीक, उघड्या साइटला किमानाच्या काठावर. डोळा कुरकुर करत असेल तर त्याच अंतरावर एअर पिस्तुलाचं ५९.५ मिलिमीटरचं लावून बघता येतं, पण १० मीटरला ते माशीच्या दुपटीपेक्षा मोठं पडतं. १५ ते १८ मीटर मिळत असतील तर त्याची जागा तिथे.

या टार्गेटांचा आणखी एक गुण म्हणजे कागद. चांगलं स्पर्धा-टार्गेट जाड, बिनचमकीचं आणि थोडं पिवळसर असतं. कडक उन्हात पांढराशुभ्र गुळगुळीत कागद वयस्क डोळ्याला सोसत नाही; भिंगात थोडा जरी गढूळपणा असला तरी प्रकाश आत विखुरतो आणि त्या उजेडात काळ्या बुलची कड विरघळते. पिवळसर कागदावर हा त्रास कमी. शिवाय जाड कागदाला गोळीचं भोक स्वच्छ पडतं. पातळ कागद तारेसारखा फाटतो आणि कुठे लागलं ते कळत नाही.

उणीव एकच, पण मोठी: भोकं दिसत नाहीत. पॉइंट टू-टू (.२२) बोअरची गोळी ५.६ मिलिमीटरची. ५० मीटरवर ते भोक ०.४ एमओएसुद्धा भरत नाही, आणि निरोगी डोळा साधारण १ एमओएचा तपशील ओळखतो. काळ्यात काळं भोक तर चष्मा कितीही नवा असला तरी दिसणार नाही. स्टँडवर २० पटीची स्पॉटिंग स्कोप (भोकं बघायची दुर्बीण) ठेवा, नाही तर चालत जाऊन बघा.

उडणाऱ्या रंगाची टार्गेटं

बर्चवुड केसीचं शूट-एन-सी हे यातलं सर्वांत ओळखीचं नाव. त्याच धर्तीवर बरेच जण बनवतात. वर काळा थर, खाली पोपटी. गोळी लागली की भोकाभोवती काळा थर उडतो आणि पोपटी कडं उमटतं. २५ मीटरला ते नुसत्या डोळ्यांनी दिसतं, ५० ला चांगल्या उजेडात बहुतेकांना दिसतं. मागे चिकट असतं, ठिगळंही सोबत येतात.

‘म्हाताऱ्या डोळ्यांसाठी हेच घ्या’ असं जे सर्रास सांगितलं जातं त्यात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. हे टार्गेट लागलेली गोळी दाखवतं. नेम धरायला मदत करत नाही. उलट काही गोळ्यांनंतर अडचण करतं. पहिली गोळी सोडताना बुल एकसंध काळा. चौथी-पाचवी खाली डावीकडे कडेला लागली की तिथली कड पोपटी होते. धूसर डोळ्याला तो पोपटी तुकडा मागच्या पांढऱ्यात मिसळलेला दिसतो, म्हणजे बुलचा तळ डावीकडून कुरतडलेला वाटतो. मग डोळा नकळत उरलेल्या काळ्याचा मध्य शोधतो आणि पुढच्या गोळ्या उजवीकडे, वर सरकतात. साइट सैल झाली म्हणून स्क्रू फिरवण्याआधी कागद तपासा. खालच्या कडेला लागलेली प्रत्येक गोळी लगेच ठिगळाने झाका. मध्यात पडलेली सोडून दिली तरी चालतं.

चमक ही दुसरी खोट. थर गुळगुळीत असतो, ऊन समोरून तिरपं आलं की काळा भाग राखाडी दिसतो. टार्गेटचा वरचा काठ दोन-तीन बोटं पुढे झुकवला तर प्रतिबिंब जमिनीकडे जातं. फ्रेमच्या वरच्या पट्टीमागे लाकडाची चीप ठोकली की काम होतं. तिसरी, चिकटवण्याची. तपकिरी खोक्याच्या पुठ्ठ्यावर थेट चिकटवू नका. काळ्याला उठाव देणारा पांढरा रंग भोवती नसेल तर पैसे वाया. आधी पुठ्ठ्यावर पांढरा जाड कागद, बुलच्या चारही बाजूंना किमान बुलएवढी मोकळी जागा, मग मधोमध हे. दमट किंवा गार हवेत डिंक धरत नाही, तेव्हा चार कोपऱ्यांना स्टेपल मारा.

आमचा कल असा: रायफल झीरो करताना (नेम आणि गोळी जुळेल अशी साइट बसवताना) आणि पाहुण्यांना शिकवताना ही टार्गेटं उत्तम. पॉइंट मोजून सराव करायचा असेल तर साधा छापील कागदच.

केशरी, लाल, पोपटी

फ्लुरोसंट केशरीला एक खरा फायदा आहे: काळी माशी त्याच्यावर उठून दिसते. काळ्या बुलच्या मध्यावर नेम धरला तर काळ्यात काळी माशी हरवते, केशरीवर हरवत नाही. म्हणून ज्यांची रायफल ‘माशीच्या टोकावरच गोळी’ अशी झीरो केलेली आहे, त्यांच्यासाठी केशरी ठिपका समजण्यासारखा आहे.

पण दुकानात मिळणारे केशरी ठिपके बहुधा १ ते ३ इंची. ५० मीटरला ३ इंच म्हणजे सव्वापाच एमओए. धूसर डोळ्यात त्याचा फिका गुलाबी ढग होतो, कारण केशरी आणि पांढरा यांच्यात उजेडाचा फरक मुळातच कमी. काळा पसरून राखाडी झाला तरी दिसतो, केशरी पसरला की पांढऱ्यात विरतो. केशरी हवाच असेल तर ६ ते ८ इंची घ्या आणि त्याच्याभोवती बोटभर जाड काळी कड असलेला घ्या. संध्याकाळी उजेड उतरला की लाल-केशरी इतर रंगांच्या आधी काळवंडतो, हेही लक्षात असू द्या. फ्लुरोसंट रंगांची झळाळी दिवसाच्या उजेडातल्या अतिनील आणि निळ्या किरणांवर चालते. आतल्या रेंजच्या दिव्यांखाली ती बरीच मंदावते, आणि उन्हात टांगून ठेवलेला कागद काही दिवसांत फिका पडतो. निळी आणि जांभळी टार्गेटं तर उचलूच नयेत. वयाबरोबर डोळ्याचं भिंग पिवळं होतं, निळा प्रकाश गाळतं, आणि गडद निळा व काळा यांतला फरक पुसट होतो.

फायबर ऑप्टिक माशीवाल्यांनी (माशीत चमकता रंगीत मणी असलेल्यांनी) रंगाची सांगड आधी घालावी. लाल मणी केशरीवर बुडतो, हिरवा मणी पोपटीवर. त्यांच्यासाठी साधा काळा बुल आणि मध्यावर नेम. काळ्या पार्श्वभूमीवर मणी दिव्यासारखा दिसतो, आणि सहा वाजता, म्हणजे घड्याळातल्या सहाच्या जागी बुलच्या खालच्या कडेला, टेकवण्याची भानगड उरत नाही. गोल मणी बुलच्या खाली टेकवून उंची राखणं तसंही अवघडच.

चौकोन, चौकट आणि उलटा यू

गोल बुलची सवय असल्यामुळे याकडे फार कमी जण वळतात, आणि इथेच वयस्क डोळ्याला सगळ्यात जास्त मिळण्यासारखं आहे. माशीचं डोकं सपाट. चौकोनाचा तळही सपाट. दोन सपाट कडांमधली पांढरी फट सगळीकडे सारखी राखणं हे गोल बुलला स्पर्श करण्यापेक्षा सोपं, आणि रायफल कलली तर फट एका बाजूला निमुळती होऊन लगेच चुगली करते. चौकोनाची रुंदी माशी जेवढं झाकते त्याच्या दीडपट ठेवा: ५० मीटरला साधारण १९० मिलिमीटर. चौकट, म्हणजे टोकावर उभा केलेला चौकोन, दुर्बिणीवाल्यांना आवडतो, आपल्याला नको. धूसरपणा आधी टोकं खातो, आणि टोकं गेली की चौकटीचा गोळा होतो.

उलटा यू विकत क्वचितच मिळतो, घरी करावा लागतो. दोन काळे पाय, वरून जोडणारी काळी पट्टी, मध्ये पांढरी गल्ली. माशी गल्लीत उभी करायची, दोन्ही बाजूंना सारखा पांढरा, वर पट्टीखाली तेवढाच पांढरा. काळी माशी पांढऱ्यावर असल्यामुळे तिच्या तिन्ही कडा दिसतात. २५ मीटरसाठी ए-थ्री आडवा कागद पुरतो: माशी तिथे साधारण ६२ मिलिमीटर झाकते, गल्ली १२० मिलिमीटर ठेवा, दोन्ही पाय १००-१०० मिलिमीटर रुंद, वरची पट्टी ८०. बिनचमकीचा काळा चार्टपेपर कापून चिकटवा. इन्सुलेशन टेप वापरू नका, तो चमकतो आणि कागद फाटताना ओढून नेतो. ५० मीटरला हीच मापं दुप्पट, म्हणजे ए-वन आकाराचा कागद. गोळ्या गल्लीत, पांढऱ्यावर पडतात. २५ मीटरला उजेड चांगला असेल तर पांढऱ्यावरची भोकं काहींना नुसत्या डोळ्यांनीही दिसतात. त्रास एवढाच की पॉइंट मोजायला वर्तुळं नाहीत. पेन्सिलीने फिकट आखा, दुरून ती दिसणार नाहीत.

घरच्या प्रिंटरवर

इथे फसवणूक एकाच जागी होते: प्रिंटच्या खिडकीतलं ‘पानात बसवा’. ते निवडलेलं असेल तर २०० चा बुल १९० चा होतो आणि तुम्हाला कळतही नाही. १०० टक्के माप निवडा, कागदाच्या कोपऱ्यात १०० मिलिमीटरची रेघ छापा आणि पट्टी लावून बघा. २०० मिलिमीटरचा बुल ए-फोरच्या २१० मिलिमीटर रुंदीत काठोकाठ बसतो, काही प्रिंटर कडा कापतात, आणि बाजूला पांढरं उरतंच नाही. म्हणून छापलेला बुल गोल कापून मोठ्या पांढऱ्या कागदावर चिकटवणं उत्तम. लेझर प्रिंटरचा काळा थोडा चमकतो, इंकजेटचा दमट हवेत फुटतो. १२० ते १६० जीएसएमचा मॅट कागद दोन्हींना चालतो.

लोखंडी प्लेट

आवाज येतो, त्यामुळे लागलं की नाही हे डोळ्यांवर सोपवावं लागत नाही. तेवढ्यापुरती ती सुखाची. रंग मात्र प्रत्येक गोळीगणिक उडतो, तेव्हा मॅट पांढरा स्प्रे जवळ ठेवा आणि दर काही फैरींनी, रेंज बंद झाल्यावर, मारा. प्लेट कुठल्या काडतुसासाठी आहे आणि किमान किती अंतर हवं हे निर्मात्याने लिहिलेलं असतं. त्यात तडजोड नाही. चष्म्याशिवाय प्लेटीसमोर कुणीही उभं राहायचं नाही, बघणाऱ्यांनीही.

टार्गेट बदलल्यावर साइट का हलवावी लागते

मोठा बुल लावला आणि गोळ्या खाली जायला लागल्या, म्हणून टार्गेटला नावं ठेवणारे बरेच आहेत. सहा वाजता नेम धरणाऱ्याची रायफल बुलच्या खालच्या कडेपासून अर्ध्या बुलएवढी वर मारण्यासाठी बसवलेली असते. ११२.४ च्या बुलला ते ५६ मिलिमीटर. २०० च्या बुलचा मध्य कडेपासून १०० मिलिमीटर वर. फरक ४४ मिलिमीटर, म्हणजे ५० मीटरला ३ एमओए खाली. खाच आणि माशी यांत ४० सेंटिमीटर असतील तर मागची साइट साधारण ०.३५ मिलिमीटर उचलावी लागेल. हे एकदा करून वहीत लिहून ठेवा आणि मग ५० मीटरचा बुल बदलू नका.

टेकवायचं की फट ठेवायची, यावर वाद चालतो. तरुणाने टेकवावं. धूसर डोळ्याला ‘आता टेकलं’ हा क्षणच दिसत नाही. काळी माशी आणि काळा बुल थोडे आधीच एकमेकांत मिसळतात, आणि किती आधी, हे उजेडावर ठरतं. ऊन वाढलं की पांढरा काळ्यावर चढतो, बुल लहान भासतो, ढग आला की पुन्हा मोठा. ग्रुप उभा ताणला जाण्यामागे बहुधा हेच असतं. माशीच्या डोक्यावर पांढरी पट्टी स्पष्ट दिसेल एवढी, माशीच्या रुंदीच्या तिसऱ्या हिश्शाइतकी फट ठेवा. उंचीतला तेवढा फरक साइटमध्ये भरून काढा.

विकत घेण्याआधी पाच मिनिटं

एकेकच नमुना आणा, गठ्ठा नंतर. रेंजवर परवानगी घेऊन, रायफल रिकामी, बोल्ट उघडून तपासलेली, नळी टार्गेटकडेच, अशी टेकूवर ठेवा. तीन नमुने शेजारी शेजारी लावा. नजर माशीवर ठेवून प्रत्येकावर दहा सेकंद नेम धरा. नजर न हलवता बुलला गाभा दिसतो का, माशीच्या दोन्ही बाजूंचा बुल सारखा वाटतो का, दहाव्या सेकंदाला तो पहिल्यासारखाच दिसतो का. जो नमुना पाहताना नजर सारखी माशीवरून सुटून टार्गेटकडे धावते तो बाद, मग तो कितीही स्पष्ट असो. लहान आणि भडक ठिपक्यांचं नेमकं हेच होतं.

हे करताना दुसरा डोळा मिटू नका. एक डोळा मिटला की उघड्या डोळ्याची बाहुली थोडी मोठी होते आणि धूसरपणा त्या प्रमाणात वाढतो. चष्म्याच्या दुसऱ्या काचेवर अर्धपारदर्शक टेप लावा, उजेड येऊ द्या. माशी चकाकत असेल तर काजळी किंवा साइट ब्लॅक लावून घ्या, नाही तर ऊन ज्या बाजूने येतं त्या बाजूची कड उजळून निघेल आणि दोष टार्गेटवर येईल. माशीचं सपाट डोकं स्वच्छ आणि उभ्या कडा मात्र पुसट, किंवा उलट, असं दिसत असेल तर चष्म्यात सिलिंडरचा नंबर राहून गेलाय. आणि बुलची फिकट जुळी सावली शेजारी दिसत असेल तर टार्गेटं चाळण्याआधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. मोतीबिंदूची सुरुवातही अशी दिसते.

पीप साइट बसवता येत असेल तर ही सगळी मापं सैल होतात. १.२ मिलिमीटरच्या भोकातून बघताना तोच +०.७५ चा धूसरपणा ५० मीटरला ११२ वरून ४५ मिलिमीटरवर येतो, आणि अधिकृत रायफल टार्गेट पुन्हा वापरता येतं. मोबदल्यात उजेड जवळपास सहाव्या हिश्शावर उतरतो, म्हणून ढगाळ दिवशी आणि आतल्या रेंजवर थोडं मोठं भोक ठेवा.